पश्चिम दिशेचे वंदन

भगवान बुद्ध राजगृहाच्या वेळुवनात विहार करीत असतानाचा हा प्रसंग आहे. सिगाल नावाचा एक गृहपतिपुत्र पहाटे उठून, ओल्या वस्त्रांनी व ओल्या केसांनी, हात जोडून सहा दिशांना नमस्कार करीत होता. पित्याने मरणसमयी तसे सांगितले होते, म्हणून तो ते करी. भगवंतांनी त्याला समजावले की दिशा म्हणजे माणसे. पूर्व म्हणजे मातापिता, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे सेवक व कामगार आणि वरची दिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण.

दीघनिकायातील या सिगालोवाद सुत्तात पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. पत्नीचा सन्मान करणे, तिची अवहेलना न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घरातील अधिकार तिच्या हाती सोपवणे आणि तिला वस्त्रालंकार देणे. यांपैकी चौथ्या कर्तव्यापाशी आपण थांबले पाहिजे. अलंकार देणे सोपे असते. अधिकार सोडणे कठीण. घरातील बहुतेक हिंसेचे मूळ ‘माझेच चालले पाहिजे’ या हट्टात असते.

हीच शिकवण बाबासाहेबांनी आपल्या काळाच्या भाषेत दिली. २० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे भरलेल्या महिला परिषदेत त्यांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याचा निकष मांडला आणि पत्नीने पतीची दासी न होता मैत्रीण व बरोबरीची सहचारिणी व्हावे, असे सांगितले. हिंदू कोड बिलाची वाट अडवली गेली, तेव्हा १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा त्याग केला. त्याच्या कारणांत हे एक प्रमुख कारण होते.

हा वारसा सांगताना आम्ही स्वतःकडेही पाहिले पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी दहांत सुमारे तिघींनी पतीकडून हिंसा सोसली आहे. कोणत्या ना कोणत्या कारणाने पत्नीला मारणे योग्य मानणाऱ्या पुरुषांचे प्रमाण शेकडा चव्वेचाळीसच्या आसपास आहे. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे, एवढ्याने आपले घर या आकड्यांबाहेर राहत नाही. पहिले शील आपण रोज उच्चारतो. मुंगी मरू नये म्हणून जपून पडणारे पाऊल घरात मात्र धाक घालीत शिरत असेल, तर ते शील केवळ ओठांवर राहिले.

आमच्या शिकवणीतही एक उणीव राहिली, ती येथे नमूद करतो. वसतिगृहात प्रत्येक मुलगा आपले ताट स्वतः घासतो; सुट्टीत घरी गेला की तेच ताट बहिणीपुढे सरकवतो. आम्ही त्याला शिस्त दिली, पण ती शिस्त म्हणजेच समता आहे, हे सांगायचे राहून गेले.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमचे सांगणे आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने मारहाणीबरोबरच लैंगिक अत्याचार, शिवीगाळ व मानसिक छळ आणि पैशाची कोंडी यांनाही हिंसा मानले आहे. आपल्या वागण्यात यातले काय आहे, ते प्रत्येकाने तपासावे. पत्नीच्या कमाईवर तिचाच हक्क राहू द्यावा. मुलासमोर त्याच्या आईचा अपमान करू नये. कारण तो पाहतो तेच शिकतो. मित्रांच्या बैठकीत बाईवरून हीन विनोद झाला, तर हसू नये, तेथेच अडवावे. शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज आला, तर ‘नवरा-बायकोचे भांडण’ म्हणून दार लावून घेऊ नये. चौघांना सोबत घेऊन दार ठोठवावे, १८१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. त्यानंतर पुढे काय करायचे, हे मात्र त्या स्त्रीने ठरवावे. तिच्या वतीने आपण निर्णय घेऊ नये.

पुरुषाला पुरुषाने समजावणे अशक्य नाही. मुंबईत १९९३ पासून ‘मावा’ ही पुरुषांची संस्था तरुणांशी याच विषयावर बोलत आली आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांचे मेळावे तर दरवर्षी भरतात. तेथे नोकरी आणि घरबांधणीच्या गोष्टी निघतात, तशी ‘घरी सगळ्यांना मोकळेपणाने बोलता येते ना?’ ही विचारपूसही व्हावी.

सिगाल नमस्कार करीत होता, पण कोणाला, हे त्याला ठाऊक नव्हते. आपल्याला ते ठाऊक आहे. पश्चिम दिशेचे वंदन विहारात पूर्ण होत नाही. ते घराचा उंबरठा ओलांडून आत गेल्यावर सुरू होते.