आधी फक्की, मग फरशी

पुण्यासारख्या शहरात वस्तीसाठी नवा चौक करायचा ठरलं, की पहिल्याच बैठकीत कारंजं, पुतळा आणि रात्री उजळणारी नावाची अक्षरं यांची मागणी होते. ती यादी तूर्त बाजूला ठेवा. चौक चालतो तो सावलीत बसायला जागा असली तर, आणि तिथे थांबायला काही कारण असलं तर. म्हणून सुरुवात त्या कारणापासून करा.

जागा शोधताना नकाशा लगेच उघडू नका. वस्तीतली माणसं आत्ता कुठे रेंगाळतात ते आधी पाहा. बसथांबा, शाळेचं फाटक, देऊळ, चहाची टपरी, इस्त्रीवाला, यांतली दोन-तीन ठिकाणं जिथे जवळ येतात, तिथेच चौकाची शक्यता असते. एक कामाचा दिवस आणि एक रविवार निवडा. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सहा आणि रात्री नऊ या वेळांना पंधरा-पंधरा मिनिटं उभं राहून मोजा: किती जण नुसते गेले, किती थांबले, थांबलेल्यांत बायका किती, मुलं किती, म्हातारी माणसं किती. कोण कशावर टेकलं तेही टिपा. लावलेल्या स्कूटरवर, दुकानाच्या पायरीवर माणसं बसलेली दिसली, की बैठक कुठे हवी ते कळलंच. अंधार पडल्यावर बायकांची संख्या एकदम घटत असेल तर कारण त्यांनाच विचारा आणि आराखडा त्या उत्तरावर बेता. उजेड आणि जवळपास स्वच्छ स्वच्छतागृह या दोन गोष्टी कारंज्याच्या कितीतरी आधी येतात.

मग कागद. जागा रस्त्याची, महापालिकेची, सोसायटीची की आरक्षणाखालची, हे विकास आराखडा आणि मालमत्ता पत्रक पाहून ठरवा. खासगी जमिनीवर आरक्षण असेल तर त्याची तारीख जरूर बघा; १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे जमीन मुदतीत ताब्यात घेतली नाही, तर मालकाच्या नोटिशीनंतर आरक्षण रद्द होऊ शकतं. माहिती मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. अंदाजपत्रकात नागरिकांनी कामं सुचवण्याची सोय पुणे महापालिकेत आहे, तिची मुदत क्षेत्रीय कार्यालयात आधीच विचारून ठेवा. ड्रेनेज, पावसाळी गटार, जलवाहिनी आणि केबल जमिनीखाली कुठून जातात त्याचा नकाशा याच टप्प्यावर हातात हवा. नाहीतर नवी फरशी वर्षाच्या आत उखडली जाते.

आकार लहान ठेवा. वास्तुरचनाकार क्रिस्तोफर अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये सुचवलं होतं, की छोट्या चौकाची रुंदी ४५ ते ६० फूट असावी, ७० च्या वर जाऊ नये. आपल्याकडे हा सल्ला फार उपयोगी आहे, कारण मोठी मोकळी जागा दिसली की तिथे पार्किंग व्हायला वेळ लागत नाही.

सावलीचा हिशेब सावकाश करा. मेच्या मध्यावर पुण्यात दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य थेट डोक्यावर असतो. त्या वेळी इमारतीची सावली तिच्या पायाशीच गोळा होते, तेव्हा भरवसा फक्त झाडाचा. चार वाजता ऊन पश्चिमेकडून तिरपं आत येतं, म्हणून डेरेदार झाडं पश्चिमेच्या कडेला लावा: कडुनिंब, करंज, बकुळ. जागेवर जुना वड किंवा पिंपळ असेल तर चौक त्याच्याभोवतीच मांडा. पार बांधताना मात्र बुंध्याभोवती किमान मीटरभर माती उघडी ठेवा. शोभेचे पाम लावू नका. त्यांच्या सावलीत एक माणूससुद्धा नीट मावत नाही.

बैठकीचं गणित विल्यम व्हाइटने सोपं करून ठेवलं आहे. न्यू यॉर्कमधले चौक त्याने वर्षानुवर्षं कॅमेऱ्याने टिपले. त्याचा निष्कर्ष असा, की जिथे बसायला जागा असते तिथे लोक बसतात. त्याच्या कामावरून त्या शहराने १९७५ मध्ये नियम बदलले आणि चौकाच्या दर ३० चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बैठक मागितली. आपला चौक ६० बाय ८० फूट असेल तर १६० फूट बैठक हवी. इतकी बाकं ठेवली तर चालायला जागा उरणार नाही, म्हणून कडेची भिंतच दीड फूट उंचीचा कट्टा करा. मुंबईत शिवाजी पार्कभोवतीचा कट्टा हेच काम करतो. कट्टा तीन फूट रुंद असला तर दोन्ही बाजूंनी बसता येतं. म्हाताऱ्या माणसांना उठताना आधार लागतो, त्यांच्यासाठी पाठ आणि हात असलेली काही बाकं वेगळी ठेवा.

आता फक्की. वाहतूक शाखेची परवानगी घेऊन दोन-तीन शनिवार-रविवार चौक जमिनीवर नुसता आखा. कडेला कुंड्या, मध्ये मांडववाल्याकडच्या खुर्च्या. न्यू यॉर्कने २००९ मध्ये टाइम्स स्क्वेअरमधून गाड्या हटवल्या तेव्हा आधी साध्या घडीच्या खुर्च्याच टाकल्या होत्या, पक्कं बांधकाम नंतर झालं. लोक खुर्च्या उचलून कुठे नेतात ते बघा. दुकानदारांचा विरोध, वळताना अडणारी स्कूलबस, कचऱ्याची गाडी हे सगळं याच दिवसांत समोर येतं, आणि फक्की पुसून रेघ सरकवायला खर्च येत नाही.

पक्क्या आराखड्यात पथारीवाल्यांची जागा दाखवा. २०१४ च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे, शिवाय रात्री चौकात राबता राहतो तो त्यांच्यामुळे. त्यांना पाण्याचा नळ आणि कचऱ्याची सोय द्या. गणपतीचा मांडव कुठे पडतो ते मंडळाला विचारा आणि तिथे फरशीत झाकणाचे पोकळ पाइप बसवून घ्या. बांबू त्यात उभे राहतात, दरवर्षी फरशी फोडावी लागत नाही. फरशी खरबरीत घडवलेल्या काळ्या दगडाची घ्या, गुळगुळीत कडाप्पा पावसात घसरतो. उताराचा रॅम्प १ः१२ पेक्षा तीव्र नको. खांबांमध्ये व्हीलचेअर जाईल एवढं, साधारण १.२ मीटर, अंतर ठेवावंच लागतं आणि त्यातून दुचाकीही घुसते. म्हणून दुचाकी लावायला चौकाबाहेर एका कडेला जागा आखून द्या.

झाडू, दिवे आणि झाडांचं पाणी कुणाकडे, हे निविदेआधी लेखी ठरवा. पहिल्या पावसाळ्यात मोठी सर येऊन गेली की साचलेली डबकी खडूने आखा, फोटो काढा आणि ठेकेदाराच्या दोषदायित्व कालावधीतच तेवढी फरशी उचलून उतार नीट करून घ्या.