टाळ्या थांबल्यावर

अभ्यासपाठ
वाचनासाठी शास्त्रभाग: १ शमुवेल १:९-१८, १ शमुवेल १५:१०-३१ व १८:६-१२, उत्पत्ती ९:२०-२३



ह्या पाठाची सुरुवात मला माझ्याच एका चुकीपासून करावी लागत आहे. डिसेंबर २०२४ मधील एका रविवारी संकेश्वर येथे तरुण संघाची सभा आटोपल्यावर आम्ही काहीजण मंदिराच्या आवारात उभे होतो. एका मुलाने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखविला. मुंबईच्या शिवाजी पार्कवर क्रिकेटचे गुरू रमाकांत आचरेकर यांच्या स्मारकाचे अनावरण चालले होते. व्यासपीठावर विनोद कांबळी बसलेले होते. जुना मित्र सचिन तेंडुलकर भेटावयास आला तेव्हा त्यांनी त्याचा हात असा धरला की सोडवेना. त्यांचे बोलणे अडखळत होते. मुले हसली. मीही हसलो, आणि तो व्हिडिओ मागून घेऊन अकरा जणांना पाठविला.

तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या आमच्या मंडळीतील एक वृद्ध मावशी म्हणाल्या, "भाऊ, हसू नगासा. त्या माणसाच्या घरातबी कोणतरी बाई हे बघत असंल की. माझा मालक बाजारात पडला व्हता, तवा लोक असंच हसलं व्हतं. तीस वर्षं झाली. ते हसणं मला अजून ऐकू येतंय."

मी मोबाइल खिशात घातला. पण अकरा जणांकडे गेलेली गोष्ट आता परत येणार नव्हती. त्या रात्री मी शास्त्र उघडून बसलो. तेव्हा जे शिकलो तेच आज तुमच्यापुढे ठेवीत आहे.

(१) हा माणूस कोण?

तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. विनोद कांबळी यांचे बालपण मुंबईत गरिबीत गेले. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रम शाळेकडून त्यांनी व तेंडुलकर यांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. त्यांत कांबळींच्या नाबाद ३४९ व तेंडुलकरांच्या नाबाद ३२६ धावा होत्या. १९९३ साली कांबळींनी लागोपाठच्या दोन कसोट्यांत द्विशतके ठोकली: वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४ आणि दिल्लीस झिंबाब्वेविरुद्ध २२७. १७ कसोट्यांत १०८४ धावा, सरासरी ५४.२०. एवढी सरासरी फार थोड्या भारतीयांना साधली आहे.

आणि त्यांची शेवटची कसोटी कोणती? नोव्हेंबर १९९५ मधली. तेव्हा त्यांचे वय चोवीसही पूर्ण नव्हते! ज्या वयात आपल्याकडील मुलगा नोकरीचे अर्ज लिहू लागतो, त्या वयात ह्या तरुणाची कसोटी कारकीर्द संपली होती. एकदिवसीय सामने २००० सालापर्यंत चालू राहिले. १३ मार्च १९९६ रोजी कलकत्त्यास विश्वचषकाचा उपांत्य सामना हरत असता प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आगी लावल्या, सामना थांबविला गेला आणि कांबळी रडत मैदानाबाहेर आले. पुष्कळांच्या स्मरणात २२४ धावा नाहीत, ते अश्रू मात्र आहेत. पुढे हृदयाचे दुखणे आले, मद्याचे व्यसन जडले. २०२२ साली त्यांनी स्वतःच सांगितले की, क्रिकेट मंडळाचे दरमहा ३०,००० रुपयांचे निवृत्तिवेतन हाच आपला आधार आहे.

मराठी माणसाला ही गोष्ट नवी नाही. मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या गाण्यासाठी एके काळी नाटकगृहे तुडुंब भरत. त्यांच्या बलवंत संगीत मंडळीचा मोठा बोलबाला होता. चित्रपटाच्या धंद्यात खोट आली, कर्ज वाढले, मद्य जवळचे झाले आणि २४ एप्रिल १९४२ रोजी, वयाच्या ४१ व्या वर्षी, ते पुण्यास वारले. थोरली लेक लता तेव्हा १२ वर्षांची होती. बापाच्या कीर्तीची किंमत त्या मुलीने पोट भरण्यासाठी तोंडाला रंग लावून दिली. कीर्ती एकट्याची असते, पण तिचे देणे सगळे घर फेडते.

(२) शौल: टाळ्यांची भूक

आता १ शमुवेल पाहू. शौल मुळात गर्विष्ठ नव्हता. राजा म्हणून त्याची निवड झाली तेव्हा तो सामानसुमानात लपून बसला होता (१०:२२). पण पंधराव्या अध्यायात त्याने स्वतःसाठी स्मारक उभारलेले दिसते (१५:१२). चूक उघड झाल्यावरही शमुवेलापाशी त्याची विनंती एवढीच की, लोकांच्या वडील मंडळीसमोर माझा मान राख (१५:३०). देवाशी संबंध तुटला ह्याचे त्याला जेवढे दुःख नाही, तेवढी लोक काय म्हणतील ह्याची भीती आहे.

मग अठराव्या अध्यायात स्त्रिया गात, नाचत येतात. त्यांनी शौलाला नाकारले नव्हते. त्याच्या वाट्यालाही हजारांचा मान होता. पण दुसऱ्याला दहा हजारांचा मिळाला आणि त्या दिवसापासून शौलाची झोप उडाली. शेजारी कोणाच्या टाळ्या अधिक, हे मोजू लागलेला माणूस कधी सुखी होत नाही. एकाच गुरूचे दोन शिष्य, एकाच दिवशी एकाच खेळपट्टीवर उभे. एकाचे नाव जगभर झाले, दुसऱ्याचे मागे पडले. ते मनात किती बोचले असेल, हे आपण बाहेरून सांगू शकत नाही.

बंधूंनो, ही भूक केवळ राजांना आणि खेळाडूंनाच लागते असे समजू नका. गडहिंग्लज, निपाणी भागातील सभांतून बोलावणे आले की माझीही छाती फुगते. बोलावणे दुसऱ्या उपदेशकाला गेले की त्या रात्रीची माझी प्रार्थना आखूड होते. प्रसिद्धी ही मोठी असो वा वाडीएवढी लहान असो, तिची चटक सारखीच.

(३) एली: डोळ्यांनी पाहिले, पण चुकीचे पाहिले

शिलो येथे हन्ना मंदिरात प्रार्थना करीत होती. तिचे ओठ हलत होते, आवाज ऐकू येत नव्हता. एली याजकाला वाटले, ही बाई प्यालेली आहे आणि त्याने तिला दटावले. वास्तविक ती आपल्या जिवाचे दुःख ओतीत होती. इतका वृद्ध, अनुभवी सेवक, तरी पाहूनही चुकला.

शिवाजी पार्कच्या त्या दृश्याचे काय झाले? त्याच महिन्यात, म्हणजे डिसेंबर २०२४ मध्ये, कांबळी यांना ठाणे जिल्ह्यात इस्पितळात दाखल करावे लागले आणि मेंदूत रक्ताच्या गुठळ्या असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. आपण मद्य सोडले आहे, असे ते स्वतः मुलाखतीत सांगत होते. मेंदूच्या आजारानेही जीभ अडखळते, पावले डळमळतात. म्हणजे आम्ही ज्याला हसलो ते प्यालेपण होते की आजार, हे ठरविण्याचे ज्ञान आमच्यापाशी नव्हतेच. दोन मिनिटांचा व्हिडिओ पाहून आम्ही एली झालो. एलीने निदान ऐकून घेतले आणि तिला आशीर्वाद देऊन पाठविले. आम्ही पुढे पाठविला तो व्हिडिओ.

(४) नोहाचे पुत्र: सांगणारा एक, झाकणारे दोघे

नोहा साधा माणूस नव्हता. सगळ्या जगात तो एकटा नीतिमान ठरला होता. असा मनुष्य द्राक्षारस पिऊन डेऱ्यात उघडा पडला. हामाने ते पाहिले आणि बाहेर येऊन सांगितले. त्याने सांगितले ते खोटे नव्हते, हे ध्यानात घ्या. शेम व याफेथ यांनी मात्र वस्त्र खांद्यांवर घेतले, पाठमोरे चालत गेले आणि बापाला झाकले. आज प्रत्येकाच्या हातात हामाचे काम करण्याचे यंत्र आहे. वस्त्र आपल्यापैकी किती जणांच्या खांद्यावर आहे?

मात्र झाकणे म्हणजे लपविणे नव्हे. घरात व्यसन आहे आणि "आमचे साहेब जरा दमले आहेत" म्हणून वर्षानुवर्षे वेळ मारून नेणे, ह्याला प्रीती म्हणत नाहीत. गर्दीपासून झाकावे, वैद्यापासून लपवू नये. १९८३ च्या विश्वविजेत्या संघातील खेळाडूंनी कांबळींना मदतीची तयारी दाखविली, पण आधी त्यांनी स्वतः उपचारास जावे असे म्हटले. ही अट कठोर वाटली तरी ती प्रेमाचीच आहे.

(५) आपण काय करावे?

मद्यासक्ती हा आजार आहे, हे वैद्यकशास्त्राने मान्य केलेले आहे. केवळ शपथा घालून किंवा रागावून तो बरा होत नाही. फार दिवस भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केल्यास हातपाय कापतात, झटके येतात, भ्रम होतो, क्वचित जीवही जातो. म्हणून "आजपासून सोड" एवढेच सांगून थांबू नका. त्याला डॉक्टरकडे न्या. पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण केंद्र सुरू केले. त्याला पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा हातभार होता. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतही व्यसनावर उपचार होतात. शासनाचा १४४४६ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे.

१९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावी दोन मद्यासक्त गृहस्थांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ निघाली. तिची रीत मला विशेष वाटते. तेथे कोणी आपले आडनाव, हुद्दा, कीर्ती सांगत नाही. मोठा नट आणि हमाल शेजारी बसतात. नावाने बुडालेल्या माणसाला नाव विसरल्यावर उभे राहता येते, हा त्यांचा अनुभव आहे. खरे म्हणजे आपली प्रार्थनासभाही अशीच असावयास हवी.

आणखी एक. आपण तंबाखूच्या मुलखात राहतो. निपाणीच्या तंबाखूवर किती घरे जगली आणि तोंडात तीच धरून किती माणसे गेली, हे आपणांस ठाऊक आहे. तेव्हा दुसऱ्याच्या व्यसनाकडे बोट दाखविताना आपला खिसा चाचपून पाहावा.

शेवटी त्या रात्रीचे सांगतो. मी अकराही जणांना लिहिले की, मी पाठविले ते पाठवावयास नको होते, कृपया काढून टाका. चौघांनी काढले. दोघांनी माझीच थट्टा केली. बाकीच्यांचे उत्तर आले नाही. पुढच्या रविवारी मावशींना हे सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "चौघं तर चौघं. माझ्या मालकाला उचलायला तवा एकच माणूस आलता."

विचारासाठी प्रश्न

१. शौल सामानात लपला तेथपासून स्वतःचे स्मारक उभारण्यापर्यंत त्याच्यात काय बदल झाला? तसा बदल आपणांत कोठे दिसतो?

२. एलीप्रमाणे आपण कोणाविषयी पाहताक्षणी चुकीचा निर्णय केला आहे काय? त्या व्यक्तीची भेट घेता येईल काय?

३. आपल्या मंडळीत व्यसनाने गांजलेले घर असेल, तर ह्या महिन्यात तेथे कोण जाईल? नाव सभेत घेऊ नका. जाणारा मात्र आजच ठरवा.