धुराड्याचा झोत आणि आडवा वारा

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली आणि आकुर्डी, पिंपरी, चिंचवड परिसरातील कारखानदारीला वेग आला. पुढे हा पट्टा चाकणपर्यंत पोहोचला. कारखाना व वस्ती शेजारी आल्या म्हणजे धुराड्यातून निघालेला धूर कोठे उतरेल, हा प्रश्न लोकांच्या आरोग्याचा होतो. त्याचे उत्तर ‘आडव्या वाऱ्यातील झोत’ या शास्त्रीय विषयात सापडते.

झोत वाकतो कसा?

वर उसळणाऱ्या झोतावर वारा एका बाजूने दाब देतो. विरुद्ध बाजूस दाब कमी होतो. त्यामुळे झोत वाकतो. त्याच्या कडा अधिक मागे ओढल्या जातात आणि परस्परविरुद्ध फिरणारे दोन भोवरे तयार होतात. हे भोवरे भोवतालची हवा आत ओढतात व धूर विरळ करतात. वायू टर्बाइनच्या ज्वलनकक्षात तप्त वायूंमध्ये थंड हवा मिसळताना हेच तत्त्व उपयोगी पडते.

मोजमाप

धुराड्यातील वेग पिटो नळीने मोजतात. १५० अंश सेल्सिअस तापमानाचा वायू सेकंदास १५ मीटर वेगाने जात असल्यास साध्या पिटो नळीत दाबाचा फरक सुमारे साडेनऊ मिलिमीटर पाण्याइतका दिसतो. मोजणीचे छिद्र वळणापासून पुरेसे दूर असावे, अन्यथा आकडा फसवा ठरतो. वाऱ्याचा वेग मोकळ्या जागी १० मीटर उंचीवर मोजतात. धुराड्याच्या तोंडाशी तो सहसा अधिक असतो, हे ध्यानात घ्यावे.

आता दोन्ही वेगांची तुलना करावी. झोताचा वेग १५ आणि वाऱ्याचा ५ असल्यास गुणोत्तर ३ येते. धूर सुखरूप वर जातो. वारा १२ झाल्यास ते १.२५ होते. गुणोत्तर दीडपेक्षा कमी झाले की धुराड्यामागील कमी दाबाच्या जागेत धूर खाली ओढला जाण्याचा संभव असतो. बाष्पक कमी भाराने चालविल्यास झोताचा वेग ७ वर येतो. मग ५ मीटरचा साधा वाराही पुरतो.

व्यवहारातील दक्षता

बाष्पकाच्या धुराड्याची उंची ठरविण्याचे प्रचलित सूत्र असे : ताशी सल्फर डायऑक्साइडच्या किलोग्रॅमांचा ०.३ घात करून त्यास १४ ने गुणावे. २० किलोग्रॅमांस सुमारे ३४ मीटर, तर ४० किलोग्रॅमांस सुमारे ४२ मीटर उंची येते. तथापि उंचीने प्रदूषण घटत नाही. ते केवळ पांगते. हिवाळ्यातील शांत रात्री जमिनीलगत थंड हवेचा थर साचतो, तेव्हा पांगणेही मंदावते.

धुराड्यावर पावसासाठी बसविलेली सपाट टोपी झोताचा ऊर्ध्व वेग नाहीसा करते. तोंड अरुंद केल्यास वेग वाढतो. मात्र पंख्यावरील भार तपासावा लागतो. म्हणून तपासणीस जाणाऱ्या अधिकाऱ्याने, तसेच तक्रार मांडणाऱ्या पंचायत सदस्याने, केवळ धुराड्याची उंची न विचारता झोताचा वेग, बाष्पकाचा भार, वाऱ्याची दिशा आणि मोजणीची वेळ यांची नोंद मागावी. या चार नोंदींवरून तक्रारीचे कारण शोधणे सुकर होते.