शरीराची शिदोरी



आपल्या रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेले लोकमान्य टिळक कॉलेजात गेले तेव्हा प्रकृतीने अशक्त होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष त्यांनी व्यायामाला दिले. परीक्षेत अपयश आले, पण शरीर कमावले. पुढे १९०८ ते १९१४ मंडालेचा तुरुंगवास त्यांनी सोसला व तेथेच ‘गीतारहस्य’ लिहिले.

यातून आपण काय घ्यावे? व्यायामाने कामाचा ताण नाहीसा होत नाही. साहेब रागावले, हिशेब जुळला नाही, की छाती धडधडतेच. मात्र कमावलेल्या शरीरात ती धडधड लवकर शांत होते, रात्री झोप लागते आणि सकाळी माणूस ताजा उठतो.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस, भाट्याच्या किनाऱ्यावर अर्धा तास झपझप चालणे. मिरकरवाड्यात दिवसभर जाळी ओढणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या अंगाला आधी पुरेशी झोप व विसावा हवा.

जाळी दर्यावर जाण्याआधी दुरुस्त करतात. शरीराचेही तसेच आहे, असे आम्हांला वाटते. ताण येण्याची वाट न पाहता आपण या आठवड्यापासूनच सुरुवात करू या.