पळसदेवच्या दारात मोठी गाडी : कोटेशनच्या पुढचा हिशेब

पुणे–सोलापूर महामार्ग पळसदेवला लागूनच जातो. उजनी धरणाच्या पाण्यात जुने गाव गेले, पळसनाथाचे देऊळही पाण्याखाली गेले आणि नवे गाव वर वसले. पाण्यामागून ऊस आला, उसामागून दारात गाड्या आल्या. आज इथल्या घरात सात-आठ माणसे, पुण्यात शिकणारी पोरे, बारामतीचा दवाखाना, तुळजापूर-पंढरपूरच्या फेऱ्या आणि लग्नसराई आहे. अशा घराला सात आसनी एसयूव्ही हवीशी वाटली तर त्यात गैर काही नाही. पण बहुतेकांचा निर्णय शोरूमच्या कोटेशनमधला शेवटचा आकडा पाहून होतो, आणि घराची ओढाताण सुरू होते ती त्या आकड्याच्या पुढच्या खर्चाने.

आधी तो आकडाच पाहू. २२ लाख एक्स-शोरूमची डिझेल गाडी धरा. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या डिझेल मोटारीला रोड टॅक्स १० लाखांपर्यंत १३ टक्के, १० ते २० लाखांना १४ टक्के आणि २० लाखांवर १५ टक्के आहे. पेट्रोलला हेच दर ११, १२ आणि १३ टक्के. म्हणजे आपल्या गाडीला ३ लाख ३० हजार नुसता रोड टॅक्स. त्यावर १ टक्का टीसीएस, म्हणजे शोरूमने आपल्याकडून गोळा करायचा आयकर, २२ हजार, पहिल्या वर्षाचा विमा साधारण ९० हजार ते १ लाख, शिवाय फास्टॅग, पासिंगची फी आणि आरसीवर बँकेचा बोजा चढवण्याचे पैसे. सगळे मिळून साडेसव्वीस लाखांच्या आसपास.

या टप्प्यांची एक गोम आहे. १९ लाख ९० हजारांच्या डिझेल गाडीला टॅक्स २ लाख ७८ हजार ६०० पडतो, २० लाख १० हजारांच्या गाडीला ३ लाख १ हजार ५००. किमतीत फरक २० हजारांचा आणि टॅक्समध्ये जवळपास २३ हजारांचा. काचेचे छप्पर किंवा दोन जादा स्पीकर यांच्यासाठी वरचे मॉडेल घेताना आपण ही रेघ ओलांडतो आहोत का, एवढे जरूर पाहा. आणि गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर इंधन कोणतेही असो, टॅक्स सरळ २० टक्के. २२ लाखांवर तो ४ लाख ४० हजार होतो. घसारा मिळेल म्हणून कंपनीच्या नावावर घ्या असा सल्ला कोणी दिला, तर हा १ लाख १० हजारांचा फरक त्याच्यापुढे ठेवा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हींवर जीएसटी ४० टक्के झाला आणि वेगळा सेस गेला. त्याआधी चार मीटरपेक्षा लांब आणि १५०० सीसीवरच्या एसयूव्हीवर सेससह ५० टक्के कर होता. त्यामुळे ओळखीच्या माणसाने २०२४ मध्ये मोजलेली रक्कम आज तुलनेला घेऊ नका. जुन्या गाड्यांचे भावही त्यानंतर खाली सरकले. दोन-तीन वर्षांची वापरलेली गाडी पाहत असाल तर आजच्या नव्या किमतीशी ताडूनच सौदा करा.

हप्ता दरमहा, उसाचे पैसे कधी?

या भागात सगळ्यात जास्त विचार इथे करायला हवा. १५ लाखांचे कर्ज, ९ टक्के व्याज, पाच वर्षे असे धरले तर हप्ता ३१ हजार १३८ रुपये येतो आणि एकूण व्याज ३ लाख ६८ हजार होते. तेच कर्ज सात वर्षांवर नेले की हप्ता २४ हजार १३४ वर उतरतो, पण व्याज ५ लाख २७ हजारांवर चढते. शोरूममध्ये सात वर्षांचा हप्ता आधी दाखवतात, कारण तो झेपण्यासारखा वाटतो.

नोकरदाराला महिन्याचा पगार असतो. उसाच्या घरात तसे नाही. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, मिळायला हवी, पण प्रत्यक्षात पहिली उचल कधी आणि उरलेले बिल कधी, हे शेतकऱ्याला सांगायला नको. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० आहे. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. हातात टनाला ३,००० पडले असे धरले तर सहा महिन्यांचे हप्ते, म्हणजे १ लाख ८६ हजार ८२८ रुपये, फेडायला ६२ टन ऊस लागतो. एकरी ४५ टन पडले तर हा जवळपास दीड एकराचा सगळा पैसा झाला, आणि त्यात लागण, खत, पाणी, मजुरी यांचा खर्च अजून धरलेलाच नाही. वर्षाला याच्या दुप्पट. आडसालीचे पीक दीड वर्षाने निघते, हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला खात्यातून जातो. एक हप्ता परत गेला तरी बँकेचा दंड लागतो आणि सिबिल बिघडते. पुढे पीककर्ज किंवा ट्रॅक्टरचे कर्ज मागायला गेल्यावर ते आडवे येते.

म्हणून बँकेत गेल्यावर पहिला प्रश्न व्याजदराचा नको, सहामाही हप्ता मिळेल का याचा विचारा. शेती उत्पन्न असलेल्यांना काही बँका आणि वित्त कंपन्या तशी सोय देतात. ती मिळत नसेल तर सहा हप्त्यांएवढी रक्कम आधीच बाजूला काढून ठेवा आणि मगच सही करा. मुदतीआधी कर्ज फेडले तर किती आकार लागतो, हेही लेखी घ्या. चांगल्या हंगामात एकरकमी पैसे भरता येणे हीच शेतकऱ्याची सोय आहे.

पाच वर्षांत किती जातात

वर्षाला १५ हजार किलोमीटर रनिंग धरू. आठवड्यातून दोन-तीनदा बारामती आणि महिन्यातून दोनदा पुणे एवढ्याने ते सहज होते. डिझेल ९० रुपये लिटर आणि अॅव्हरेज १२ चे धरले तर वर्षाला १ लाख १२ हजार ५००, पाच वर्षांचे साडेपाच लाखांच्या वर. पुढच्या चार वर्षांचा विमा मिळून दोन लाख, सर्व्हिसिंग आणि ब्रेकचे काम सव्वा लाख, टायरचा एक संच ६५ हजार, टोल-पीयूसी २० हजार, वरच्या कर्जाचे व्याज ३ लाख ६८ हजार. साडेसव्वीस लाखांवर हे आणखी जवळपास १३ लाख ४० हजार झाले. पाच वर्षांनी गाडी ११ लाखांना गेली असे मानले तर निव्वळ खर्च २९ लाखांच्या घरात, म्हणजे महिन्याला ४८ हजार आणि किलोमीटरला ३८-३९ रुपये. हे माझे अंदाज आहेत; तुमचे कोटेशन आणि तुमचे रनिंग घालून कागदावर हीच बेरीज करा.

रनिंग कमी असेल तर चित्र पालटते. वर्षाला ८ हजार किलोमीटरच होणार असतील तर हीच गाडी किलोमीटरला ६० रुपयांच्या आसपास पडते, कारण टॅक्स, व्याज आणि घटणारी किंमत गाडी उभी राहिली तरी थांबत नाही. अशा घराने रोजच्याला लहान गाडी ठेवावी आणि लग्नकार्याला, देवदर्शनाला सात आसनी भाड्याने सांगावी. माझे मत विचाराल तर यात प्रतिष्ठा जात नाही, आणि दोन लहान पोरांच्या शिक्षणाचे पैसे उभे राहतात.

डिझेल की पेट्रोल हेही रनिंगवरच ठरते. १०४ रुपये लिटरचे पेट्रोल आणि ९ चे अॅव्हरेज धरले तर १५ हजार किलोमीटरला १ लाख ७३ हजार लागतात; डिझेलमध्ये वर्षाला ६० हजार वाचतात. ८ हजार किलोमीटरवाल्याचे पाच वर्षांत जेमतेम १ लाख ६० हजार वाचतात, आणि तेवढे डिझेलच्या जादा किमतीत आणि दोन टक्के जादा टॅक्समध्येच जातात. दुसरे असे की, बीएस-६ डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. गाडी घर-रान-घर एवढीच हळूहळू फिरत राहिली तर ती काजळी जळत नाही आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. दिवा दिसला की गाडी महामार्गावर काढून एका लयीत वीस-पंचवीस मिनिटे चालवायची. दुर्लक्ष केले तर काम वर्कशॉपवर आणि मोठ्या बिलावर जाते. पळसदेवकरांना महामार्ग दारातच आहे, हा खरा फायदा. अनेक डिझेल गाड्यांना अॅडब्लू हे द्रावणही वेगळ्या टाकीत भरावे लागते. ते पूर्ण संपले तर बंद केलेली गाडी पुन्हा चालू होत नाही.

विजेवरची मोठी गाडीही आता हिशेबात धरावी लागेल. तिच्यावर जीएसटी ५ टक्के आहे आणि महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात रोड टॅक्स माफ आहे. टाटाची हॅरियर ईव्ही, महिंद्राची सात आसनी एक्सईव्ही ९एस या याच पैशांच्या पट्ट्यात येतात. १५ हजार किलोमीटरला २,८०० युनिट आणि युनिटला १२ रुपये धरले तर वर्षाचा खर्च ३४ हजारांच्या आत राहतो. पण चार्जर घरगुती मीटरवर मंजूर भार वाढवूनच बसवायचा. शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी चार्ज करता येत नाही. रात्री वस्तीवर वीज किती तास आणि कोणत्या दाबाने असते, याची आठवडाभर नोंद ठेवा आणि मगच बुकिंग करा.

कोणती घ्यावी

फॉर्च्युनरचे या भागात काय वजन आहे ते सांगायला नको. २.८ लिटरचे इंजिन, भक्कम चेसिस आणि विकताना मिळणारी किंमत यांत ती खरीच वरचढ आहे. पण ३६ लाखांच्या डिझेल गाडीला रोड टॅक्सच ५ लाख ४० हजार होतो, आणि बसणारी माणसे तीच सात. स्कॉर्पिओ-एनही फॉर्च्युनरसारखीच चेसिसवर बांधलेली आहे. अशा गाडीत चढायला उंच पडते. गुडघे धरलेली, नऊवारीतली आजी तुमच्यासोबत शोरूममध्ये न्या. तिने पायरीवर पाय ठेवून, वरच्या दांडीला धरून एकटीने आत बसून दाखवले तर ती गाडी घराची. सफारी, एक्सयूव्ही७०० च्या घराण्यातल्या गाड्या किंवा इनोव्हा हायक्रॉस इथे सोप्या पडतात, खड्ड्यातही कमी हेलकावतात. हायक्रॉसच्या तिसऱ्या रांगेत मोठी माणसे खरोखर बसतात. बाकी बहुतेक सात आसनींत तिसरी रांग उभी केली की मागे दोन-तीन पिशव्यांपुरती जागा उरते.

सुरक्षेत डॅशबोर्डवरचे मोठे स्क्रीन मोजू नका. सफारी, स्कॉर्पिओ-एन आणि एक्सयूव्ही७०० यांना प्रौढ प्रवाशांसाठी ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे मिळाले आहेत. तुम्ही घेता त्या मॉडेलमध्ये पडद्यासारख्या एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत येतात का, एवढे विचारा. गाळपाच्या दिवसांत रात्री मागचे दिवे नसलेल्या दुहेरी ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. अशा वेळी आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेच्या भरवशावर राहू नका. चांगले हेडलाइट आणि कमी वेग हेच उपयोगाचे. पुढे लोखंडी गार्ड बसवू नका. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच त्यांना मनाई केली आहे, आणि धडकेचा मार गार्डने आधीच घेतला तर एअरबॅग वेळेवर उघडत नाही.

फोर बाय फोरसाठी दोन-तीन लाख जादा द्यायचे का? पाणंदीच्या काळ्या चिखलात ती उपयोगी पडते, यात शंका नाही. पण वर्षातून चार वेळा अडकणाऱ्या गाडीला ओढायला घरचा ट्रॅक्टर आहे. रोजचा रस्ताच चिखलाचा असेल तरच तो पैसा घाला.

चॉइस नंबरचाही हिशेब ठेवा. बारामती आरटीओच्या एमएच-४२ मधल्या मागणीच्या क्रमांकांची फी लाखात जाते, ती विम्यात धरली जात नाही आणि गाडी विकताना परत येत नाही.

विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरचा भाव आणा, तो दाखवला की तिथला आपोआप उतरतो. नव्या मोटारीला तृतीय पक्ष विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. १५०० सीसीवरच्या गाडीला त्याचा दर २४ हजार ५९६ रुपये आहे, त्यामुळे घासाघीस करायची ती उरलेल्या भागात. झीरो डेप्रिसिएशन आणि इंजिन संरक्षण घ्या. शेजारी उसाचा फड असेल तर तोड झाल्यावर उंदीर-घुशी बोनेटमध्ये शिरतात आणि वायरिंग कुरतडतात. अशा नुकसानीची भरपाई पॉलिसीत बसते का, हे लेखी विचारा आणि गाडी पाचटाच्या ढिगाजवळ लावू नका.

टोलला आता वार्षिक पास आहे. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींसाठी तो ३,००० रुपयांत, वर्षभर किंवा २०० फेऱ्यांना, सुरू झाला. पाटस आणि सरडेवाडी इथे तो चालतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर चालत नाही.

हँडलिंग चार्जेस नावाची ओळ कोटेशनमध्ये दिसली तर ती काढायला लावा. ताबा घेण्याआधी चेसिस क्रमांकावरून बनावटीचा महिना पाहा. सहा महिने यार्डात उभ्या राहिलेल्या गाडीला सूट मागणे तुमचा हक्क आहे. आणि भरलेला टीसीएस विसरू नका. उत्पन्न निव्वळ शेतीचे असले, कर लागत नसला, तरी पॅन देऊन रिटर्न भरले की ते २२ हजार बँक खात्यात परत येतात.