साचा एक, तर भिंत एक

घर एकदम पुरे होत नाही. आज दोन खोल्या होतात. चार वर्षांनी हाती पैसा आला की तिसरी होते. मुलाचे लग्न ठरले की चौथी. अशा वाढत्या घराच्या भिंती एकमेकींना धरून राहाव्यात, यासाठी काय करावे? ते या पाठात आपण पाहू.

वीट साच्यात पाडतात. चिखल साच्यात दाबून भरायचा, वरचा जादा चिखल फळीने काढायचा आणि साचा उचलायचा. ओली वीट वाळताना व भाजताना आकसते. म्हणून साचा विटेपेक्षा थोडा मोठा ठेवतात. जसा साचा, तशी वीट. साच्याच्या कडा झिजल्या की विटेचे माप बदलते.

विटेचे भारतीय मानक प्रथम 1957 साली निघाले. आज त्यात एक माप असे आहे : लांबी 19, रुंदी 9 आणि उंची 9 सेंटिमीटर. हे आकडे उगीच घेतलेले नाहीत. दोन विटा रुंदीने शेजारी ठेवा. मधे मालाचा 1 सेंटिमीटरचा सांधा धरा. 9 + 1 + 9 = 19. म्हणजे एका विटेची लांबी झाली! म्हणूनच गवंडी एक वीट लांबीने व दोन रुंदीने बसवू शकतो, आणि सांध्यावर सांधा येऊ देत नाही.

ही युक्ती फार जुनी आहे. मोहेंजोदडो आणि हडप्पा ही सिंधू संस्कृतीची शहरे साडेचार हजार वर्षांपूर्वी भरभराटीस होती. दोहोंमध्ये शेकडो किलोमीटरांचे अंतर. तरी दोन्हीकडे विटेचे प्रमाण बहुधा एकच : लांबी 4, रुंदी 2, उंची 1.

आता असे समजा, की पहिल्या दोन खोल्या 9 सेंटिमीटर उंचीच्या विटांच्या आहेत. पुढे खोली वाढवायची म्हणून गवंड्याने भिंतीच्या टोकाला दाते सोडले आहेत; एक थर आत, एक थर बाहेर. तिसऱ्या खोलीसाठी मात्र दुसऱ्या भट्टीची स्वस्त वीट आणली. तिची उंची 7 सेंटिमीटर. सांधा धरून जुना थर 10 चा, नवा थर 8 चा. दोन्ही थर 40 सेंटिमीटरला एकदा जुळतात. मधले दाते जुळत नाहीत. मग गवंडी विटा फोडतो, फटीत माल कोंबतो. जोड कच्चा राहतो. भेग पडली तर तेथेच पडायची, आणि पावसाचे पाणी तेथूनच आत यायचे. स्वस्त वीट अशी महाग पडते.

मग वीट घेताना काय करावे? एकच वीट मोजू नये. आम्ही वर्गात सरासरी शिकवीत असू, तीच येथे कामी येते. कोणत्याही 20 विटा उचला. लांबीने एकीला एक चिकटवून ओळ लावा. 20 × 19 = 380 सेंटिमीटर व्हावेत. मानकाप्रमाणे 8 सेंटिमीटर कमी-अधिक चालतात. त्याहून फरक पडला, तर भट्टीवाल्याला साचा दाखवायला सांगा.

आणखी एक काम आहे. आता तुम्हांला लिहिता येते. घर बांधाल तेव्हा वहीत विटेचे माप, भिंतीची जाडी आणि बांधल्याचे साल लिहून ठेवा. पुढची खोली तुम्ही बांधा की तुमचा नातू बांधो, गवंड्याला ती वही दाखवता येईल. माणसाची आठवण पुसट होते, कागदावरचा आकडा तसाच राहतो.

सराव

1. साचा विटेपेक्षा मोठा का ठेवतात?
2. सांध्यासह एक वीट 20 × 10 × 10 सेंटिमीटर जागा घेते. एक घनमीटर भिंतीला 500 विटा लागतात. तर 6 घनमीटर भिंतीला किती लागतील?
3. आपल्या घराची एक वीट मोजा आणि तिचे माप वहीत लिहा.