मशीनचा शेक, करंट आणि मोडलेलं हाड

विहारात आरोग्यावर बोलायला बसलो, की दोन प्रश्न हमखास येतात. विड्या वळणाऱ्या ताई विचारतात, "मान-पाठ दुखते म्हणून दहा दिवस मशीनचा शेक घेतला. बरं वाटलं, पण आठवड्यात दुखणं परत आलं. अजून दहा दिवस घेऊ का?" दुसरा प्रश्न घरात कुणाचं हाड मोडलं की येतो. "करंट लावला तर हाड लवकर जुळतं म्हणतात, खरं का?" दोन्ही प्रश्नांत रोजंदारीचा पैसा अडकलेला असतो. म्हणून या वेळी याच विषयावर लिहीत आहोत.

ही मशीन काय करतात?

फिजिओथेरपीत मुख्यतः दोन प्रकारची मशीन दिसतात. पहिलं अल्ट्रासाऊंडचं. आपल्या कानाला सेकंदाला साधारण २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. या मशीनची कंपनं सेकंदाला १० ते ३० लाख असतात. १० लाखांची लहर खोलवर जाते, ३० लाखांची वरच्या वर राहते. मध्ये हवा आली तर लहर आत शिरत नाही, म्हणून आधी जेल लावतात. मशीनची मूठ सतत फिरती ठेवावी लागते. ती एका जागी थांबली आणि आत हाडाशी कळ आली, तर लगेच सांगावं. पोटाची सोनोग्राफी याच जातीच्या लहरींनी होते, पण ती तपासणी आहे, हा उपचार आहे.

दुसरं मशीन करंटचं. त्याला टेन्स किंवा आयएफटी म्हणतात. चकत्या चिकटवून अगदी सौम्य वीज सोडतात. मुंग्या आल्यासारखं वाटतं, चटका बसता कामा नये. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडलं, की मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर जणू एक दार असतं. दुसरी संवेदना जोरात आली की ते दार काहीसं लोटलं जातं. ठेच लागल्यावर आपण बोट चोळतो, तेव्हा बरं वाटतं ते याचमुळे. करंटही तेच करतो. म्हणजे दुखण्याची जाणीव काही वेळ कमी होते, दुखण्याचं कारण जात नाही.

मग शेक घ्यावा का?

कंबरदुखीसाठी अल्ट्रासाऊंड, टेन्स किंवा आयएफटी देऊ नये, व्यायामावर भर द्यावा, असा सल्ला ब्रिटनच्या 'नाइस' या सरकारी संस्थेने २०१६ साली दिला. शेकाने थोडा आराम पडत असेल तर तो त्या वेळेत व्यायाम करता यावा म्हणून घ्यावा. नुसता शेक घेऊन परत तसंच बसलो, तर दुखणं परत येणारच. मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून दिवसभर पानं कापायची, तंबाखू भरायचा, दोरा बांधायचा. यात मान, खांदे, मनगट सगळंच आखडतं.

म्हणून एवढं करा. भिंतीला पाठ टेकून बसा. पाटावर किंवा उशीवर ठेवून सूप थोडं उंच घ्या. अर्ध्या तासाने उठून चार पावलं चाला. खांदे मागे फिरवा, हनुवटी मागे ओढून मान सरळ करा, मुठी दहा वेळा उघडा-मिटा. यंत्रमागावर उभं राहणाऱ्यांनी मध्ये मध्ये एक पाय विटेवर ठेवावा आणि पाय बदलत राहावं.

मोडलेल्या हाडाचं काय?

१९५७ साली जपानमध्ये फुकाडा आणि यासुदा यांनी दाखवलं, की हाडावर दाब पडला की त्यात सूक्ष्म वीज तयार होते. त्यानंतर हाडासाठी विजेची आणि अतिशय मंद अल्ट्रासाऊंडची खास यंत्रं निघाली. दुखण्याच्या शेकाचं मशीन वेगळं आणि हे वेगळं. अमेरिकेने १९९४ साली अशा मंद अल्ट्रासाऊंडला परवानगी दिली. पण पुढे अमेरिका आणि कॅनडात नडगीच्या हाडाचं ऑपरेशन झालेल्या ५०१ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. काहींना खरं यंत्र दिलं, काहींना दिसायला तसंच पण बंद. रोज २० मिनिटं वापरूनही दोन्ही गटांत फरक दिसला नाही. हा निष्कर्ष २०१६ साली जाहीर झाला. महिनोन्‌महिने न जुळलेल्या हाडासाठी काही डॉक्टर असं यंत्र सुचवतात, पण तिथेही पुरावा पक्का नाही. ताज्या मोडीसाठी कर्ज काढून हे करू नका.

हाड जुळतं ते नीट बसवल्याने, स्थिर ठेवल्याने आणि रक्तपुरवठ्याने. हाताला साधारण दीड-दोन महिने, नडगीला तीन-चार महिने किंवा जास्तही लागतात. या काळात डाळ, शेंगदाणे, अंडी, सुकट, नाचणी, तीळ, जमेल तसं दूध पोटात जाऊ द्या. तंबाखू, मिश्री, विडी बंद करा. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला उशीर होतो. साखर असेल तर ती आटोक्यात ठेवा.

कुणी ही मशीन लावू नयेत?

हृदयात पेसमेकर असेल तर करंट नको. गरोदर बाईच्या पोटा-कमरेवर, कर्करोगाच्या गाठीवर, पायात रक्ताची गुठळी असेल तिथे आणि जखमेवर दोन्ही नकोत. वाढत्या मुलांच्या सांध्याजवळ आणि डोळ्यांवर अल्ट्रासाऊंड नको. साखरेमुळे किंवा कुष्ठरोगामुळे कातडी बधिर असेल तर भाजलेलं कळत नाही, म्हणून आधी सांगा. शरीरात रॉड-प्लेट असेल तर तेही सांगा.

थेट रुग्णालयात कधी?

पाठदुखीसोबत पायातली शक्ती गेली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला, तर त्याच दिवशी जा. संध्याकाळचा ताप, घटतं वजन, रात्री वाढणारी पाठदुखी असेल तर मणक्याचा क्षयही असू शकतो, शेकात दिवस घालवू नका. प्लास्टरमधली बोटं गार, निळी किंवा बधिर झाली, कळ वाढत गेली, तर तासाचाही उशीर नको. आपल्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे सिव्हिलमध्ये, अस्थिरोग विभागात दाखवा.

शेकासाठी पैसे मोजण्याआधी तीन गोष्टी विचारा: माझं दुखणं नेमकं कशाचं? किती वेळा यायचं आणि फरक पडला नाही तर पुढे काय? घरी कोणता व्यायाम करायचा? विचारायला संकोच करू नका. शरीर आपलं आहे, घामाचा पैसाही आपलाच आहे.